एफ-नाइनवरचा नारळ

“शेंडी कुठल्या बाजूला करायची?” गेनूतात्यांनी विचारलं.

“एंटरकडे,” मी म्हणालो.

“एंटर म्हंजी?”

“आग्नेय.”

तात्यांनी गंभीरपणे मान हलवली. खंडेनवमीची सकाळ होती. तात्या धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ धरून कॉम्प्युटरसमोर उभे होते. घोंगडमाळ तलावाच्या बांधावरच्या आमच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर येऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे त्याच्या पूजेचं शास्त्र कुणालाच माहीत नव्हतं आणि मी सांगेन ते चालत होतं. मी बावीस वर्षांचा होतो. सरळ चेहऱ्यानं काहीही सांगितलं तर लोक ऐकतात, हा शोध मला नुकताच लागला होता आणि मी तो दिवसातून सातआठ वेळा तपासून पाहायचो.

“पाटावर ठिवू का?” तात्या म्हणाले. “ह्या बटनांवर नगं. जड हाय.”

“तात्या, कळफलक म्हणजे मशीनचं डोकं. आशीर्वाद डोक्यावर देतात का पाटावर?”

“त्ये बी खरंच.”

मी त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि ठेवला. नारळ मी ठेवला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याबद्दल वेगळं बोललं गेलं. कळफलकाच्या वरच्या ओळीवर मूठभर तांदूळ ओतले, त्याचा ढीग केला आणि ढिगावर नारळ बसवला. शालन मॅडमनी हळदकुंकू वाहिलं, मॉनिटरला झेंडूची माळ घातली. मॅडम आमच्याकडे मोजणीदार होत्या. रोज सकाळी तलावाची पातळी बघून वहीत लिहायची, हे त्यांचं काम.

“पूजेपुरतं बंद करू का?” मी विचारलं.

“छ्या!” तात्या म्हणाले. “झोपलेल्याला कुंकू लावतेत व्हय? समदं चालू पायजे. मोटारीचा मेन बी चालू करून आलोय मी.”

“आणि आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही,” मॅडमनी मला बजावलं. “पुजलेलं हलवायचं नसतं. तुमचा हात फार वळवळतो, म्हणून सांगते.”

आता दाराबद्दल सांगतो. आमच्या तलावातून कालव्याला पाणी सोडायचं दार बांधाच्या पोटात होतं. केबिनपासून साठ पावलांवर एक खोली, खोलीच्या मधोमध विहिरीसारखा उभा खड्डा, त्यात बत्तीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. तळाशी समोर लोखंडी दार. दाराच्या पलीकडे पंचवीस फूट पाणी उभं. आणि पाठीमागे बोगदा. वाकून चालता येईल एवढाच, दोनशे फूट लांब, बांधाखालून पार पलीकडे कालव्यात निघणारा. त्याच्या शेवटच्या तोंडाला जाळी बसवलेली होती, माणसाचं डोकंसुद्धा जाणार नाही अशी. पाण्याबरोबर जे आत जाईल ते जाळीला जाऊन थांबायचं. एकदा म्हैस सापडली होती.

हे दार पूर्वी तात्या हँडल फिरवून उचलायचे. मग मोटर बसली, आणि मग कंपनीनं कॉम्प्युटर बसवला आणि कॉम्प्युटरबरोबर मी. दार उचलायच्या प्रोग्रामला चित्रंबित्रं काही नव्हती. त्याला हुकूम द्यायचा तो टर्मिनलमधून, म्हणजे एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात इंग्रजीत टाइप करायचं. तात्या सहावी शिकलेले. म्हणून मी एक सोय केली. एफ-नाइन दाबलं की टर्मिनल आपोआप उघडेल आणि काय करायचं ते त्याला उघडतानाच सांगितलेलं असेल. असं सांगता येतं. दोन आडव्या रेघा मारायच्या आणि पुढे सूचना लिहायची. नवरदेव मांडवात शिरताना त्याच्या कानात मावश्या सांगतात ना, तसं.

मी सांगितलं होतं: खिडकी पडदाभर उघड. अक्षरं मोठी ठेव, तात्यांचा चष्मा कायम घरी असतो. कडा आणि कोपऱ्यातली फुली दाखवू नको, कुणी चुकून बंद करेल. आणि होल्ड. होल्ड म्हणजे काम संपलं तरी खिडकीनं मिटायचं नाही, निकाल दाखवत उभं राहायचं. होल्डचा मला विशेष अभिमान होता. या सगळ्यानंतर हुकूम: दार एक सेंटिमीटर वर. एफ-टेनवर तसंच सगळं, फक्त एक सेंटिमीटर खाली.

शिवाय आणखी एक सूचना होती. मूळ प्रोग्राम दर सेंटिमीटरला विचारायचा, ‘खात्री आहे का?’ उत्तराला दोन मिनिटं द्यायचा आणि मग ‘वेळ संपली’ म्हणून गप्प बसायचा. गंमत अशी की प्रश्न आला की तात्या खुर्चीवरून उठून बाहेर चालू पडायचे. मला वाटायचं, तंबाखू मळायला. परत येईपर्यंत वेळ संपलेली. मग मला तालुक्याला फोन, आणि मी चौदा किलोमीटर मोटरसायकलवर. असं ऑगस्टात नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी मी प्रोग्रामला उत्तर आधीच सांगून ठेवलं: हो. त्यानंतर प्रश्न आला नाही, आणि फोनही आला नाही.

कॉम्प्युटरनंतर आम्ही तिघं दाराच्या खोलीत गेलो. मोटरच्या पेटीवर तीन बटणं होती, हिरवं, पिवळं आणि लाल. वर, खाली, थांब. त्याखालची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. तात्यांना बटणं पाठ होती. मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं, माझं काम कॉम्प्युटरचं; कुठलं कुठे, हे मी कधी लक्षातही ठेवलं नव्हतं. मॅडमनी कुंकू तेलात कालवून आणलं होतं. त्यांनी तिन्ही बटणांवर ते अंगठ्यानं जाड लावलं, कडांपर्यंत.

“तिन्हीला कशाला?” मी म्हणालो.

“एकाला लावलं आणि दोघांना नाही, बरं दिसतं का?”

मेन स्विचच्या पेटीला तात्यांनी हार घातला आणि माकडं येतात म्हणून कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला. तात्यांच्या करगोट्याला सगळ्या किल्ल्या होत्या. कॉम्प्युटरचा डबा आणि त्याची बॅटरी उंदरांपायी लोखंडी कपाटात ठेवलेली, त्या कपाटाचीसुद्धा.

“आता दाराला लावून येतो,” असं म्हणून ते धोतर खोचून शिडीला लागले.

“वरूनच अक्षता टाका की,” मी म्हणालो.

“कपाळाला लावायचं आसतंय. वरनं टाकलं तर डोक्यात पडंल त्याच्या.”

गुडघ्यामुळे तात्या एका पायरीवर दोन्ही पाय टेकवूनच पुढच्या पायरीवर जायचे. खाली पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग मी दोरीला बांधलेल्या टोपलीतून पूजेचं ताट सोडलं. खाली निरांजन पेटलं आणि तात्यांनी आरती सुरू केली. वर कधी त्यांच्या तोंडून सूर निघायचा नाही, पण विहिरीत आवाज घुमायचा, आणि तो त्यांना फार आवडायचा. खाली गेले की ते तीन आरत्या म्हणत.

मी केबिनमध्ये परत आलो. मॅडमनी शिऱ्याचा डबा तिथे ठेवला होता, आणि तात्यांच्या तीन आरत्या म्हणजे निदान पाव डबा.

दुसरा घास तोंडात असताना लांबून घूं असा आवाज आला. थांबला. परत आला. मला वाटलं, खाली रस्त्यानं ट्रॅक्टर चाललाय. मग मी सहज मॉनिटरकडे पाहिलं. झेंडूच्या माळेआड काळा पडदा होता आणि त्यावर तात्यांसाठी ठेवलेल्या मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं:

दार : १ सेंमी. काम झालं.

मी बघत असतानाच त्यावर दुसरी काळी खिडकी आली. तिच्यावर तिसरी. पत्ते पिसावेत तशा खिडक्या पडत होत्या. त्यातल्या एकीवर अक्षरं उमटली. दार : २ सेंमी. काम झालं.

“शिरा खाताय?” दारातून मॅडम म्हणाल्या. “अजून नैवेद्य दाखवला नाही!”

“मॅडम,” मी म्हणालो, “दार उघडतंय.”

“कुठलं दार?”

मी बोट दाखवलं. नारळ ठेवला होता तिथे नव्हता. तांदूळ बटणांच्या फटींत उतरले होते आणि नारळ त्यांच्याबरोबर हळूहळू खाली बसला होता, बरोबर एफ-नाइनवर. पाव इंच उजवीकडे बसला असता तर एफ-टेन दाबलं गेलं असतं आणि बंद असलेलं दार बंद होत राहिलं असतं.

मी नारळाकडे हात नेला.

“अहो, उद्यापर्यंत हात...” मॅडम म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. “तात्या खाली हायत,” त्या म्हणाल्या.

नारळ उचलला. खिडक्या पडतच राहिल्या. एफ-नाइनच्या दोन्ही बाजूंना तांदूळ आणि कुंकू ठासून बसलं होतं, बटण खालीच अडकलं होतं. मी नखानं ओढलं, नख तुटलं. मग कळफलकच हिसडला, तर वायर कळफलकातून उपटून माझ्या हातात आली. दुसरं टोक कपाटाच्या आत. नवीन खिडक्या थांबल्या. मी श्वास घेतला.

घूं.

दार : ३ सेंमी. काम झालं.

तेव्हा मला कळलं की आधी उघडलेल्या सगळ्या खिडक्या रांगेत उभ्या आहेत. दाराला एका वेळी एकच हुकूम घेता येत होता, बाकीच्यांनी थांबायचं, अशी शिस्त होती. त्या शिस्तीत थांबल्या होत्या. किती असतील? शंभर? दोनशे? प्रत्येकीला एक सेंटिमीटर हवा होता, आणि प्रत्येकीला मी आधीच हो म्हणून ठेवलं होतं.

माऊस घेतला. बंद करायला फुली शोधली. फुली मीच काढून टाकली होती. भिंतीतला प्लग ओढला, तर कपाटातली बॅटरी चीं चीं करून म्हणाली की काळजी नसावी, मी आहे. कपाटाला लाथ मारली. कुलूप हललंसुद्धा नाही.

“किल्ली?” मॅडम म्हणाल्या.

“तात्यांच्या कमरेला.”

आम्ही पळालो. साठ पावलं. मी आजवर इतक्या लांब कधीच पळालो नाही. पळताना माझ्या हातात नारळ होता. तो का होता, ते मला आजही सांगता येत नाही.

खोलीत मोटर गरगरत होती, दोन सेकंद थांबत होती, परत गरगरत होती. मी काठाशी पालथा पडून खाली पाहिलं. निरांजनाच्या उजेडात दाराच्या खालून पाण्याचा पांढरा पत्रा सुटला होता. तात्या घोटाभर पाण्यात, दाराला टेकून, हात जोडून उभे होते. आणि गात होते.

“तात्या! वर या!”

“आरं, पाणी आलं!” खालून आवाज घुमला. आवाजात आनंद होता. “कुंकू टेकलं आन् पाणी आलं! दार प्रसन्न झालं रं!”

“तात्या, दार उघडतंय! शिडी धरा!”

“आरती मधी सोडू नै! एकच कडवं ऱ्हायलंय!”

मोटर परत फिरली. पाण्याचा पत्रा जाड झाला आणि तात्यांच्या पायांतून सरळ बोगद्याकडे गेला. त्यांचा तोल गेला. एका हातानं त्यांनी शिडी धरली, आरती थांबली. ते थांबल्यावर मला जास्त भीती वाटली.

कडेला ठेवलेलं पूजेचं ताट उचललं गेलं, तरंगलं, गोल फिरलं आणि बोगद्यात शिरलं. निरांजन पेटलेलंच होतं. तो दिवा बोगद्यात लांब लांब जाताना वरून दिसत होता, आतल्या भिंती पिवळ्या करत. मग तो विझला. पाण्यानं विझला की जाळीला पोचला, ते कळलं नाही.

“ताट गेलं!” तात्या ओरडले आणि त्यांनी शिडी सोडली. “मॅडमचं चांदीचं ताट गेलं!” असं म्हणत ते बोगद्याकडे एक पाऊल गेले. खरंच गेले.

“तात्याऽऽ!” मॅडम किंचाळल्या. घाबरल्यावर त्यांची भाषा एकदम गावची झाली. “ऱ्हाऊ द्या त्ये! ईस्टीलचं हाय! बाजारातलं हाय! शिडी धरा, मी तुमच्या पाया पडते!”

तात्या थांबले. “ईस्टीलचं?”

“व्हय!”

“मला चांदीचं वाटलं,” तात्या म्हणाले आणि वळून त्यांनी शिडी धरली. पाणी आता नडगीला लागलं होतं.

मी उठून मोटरच्या पेटीकडे गेलो. लाल बटण दाबलं की थांबणार, एवढं मला ठाऊक होतं. तीन बटणं. तिन्ही लाल.

पुसायला अंगठा टेकवला आणि उचलला. हिरवं असलं आणि दाबलं गेलं तर दार एका झटक्यात वर जाणार. मधे थांबत थांबत एक सेंटिमीटर नव्हे, सरळ वर, हात काढेपर्यंत. फुंकर मारली. तेलातलं कुंकू फुंकरीला हलत नाही. पाठीमागे पाणी आपटल्याचा आवाज आता वेगळा येत होता, भरलेला.

“काय करताय? दाबा की!” मॅडम ओरडल्या.

“कुठलं?”

त्यांनी बटणांकडे पाहिलं. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि तोंडावर हात धरला, त्यामुळे कुंकू गालालाही लागलं.

मी बटण चाटलं.

जीभ अंगठ्यापेक्षा हलकी टेकवता येते, एवढाच विचार होता. पहिलं चाटलं, बघितलं: हिरवं. थुंकलो. दुसरं चाटलं. पिवळं. आता तिसरं चाटायची गरज नव्हती, हे मला आज कळतं. तेव्हा मी तेही चाटलं. लाल. दाबलं. मोटर थांबली.

मी बटण सोडलं. दोन सेकंद गेले. घूं.

रांगेतली पुढची खिडकी. लाल बटण दाबलेलं असेपर्यंतच मोटर थांबत होती. मी परत दाबलं आणि अंगठा तिथेच ठेवला.

“मॅडम, मी इथून हलू शकत नाही. तात्या किती आले?”

त्या काठाशी ओणव्या झाल्या. “दोन पायऱ्या.”

“दोनच?”

“पाय ओढतंय पाणी. धोतर धरलंय पाण्यानं.”

“धोतर सोडा म्हणावं!”

“मी बाईमाणूस कसं सांगू?”

“तात्या!” मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो. “धोतर सोडा!”

“मॅडम हायत वर!” खालून आलं.

“मी डोळे मिटलेत!” मॅडम ओरडल्या. त्यांनी खरंच मिटले होते.

माझा अंगठा तेलानं बटणावरून सटकत होता. मी दुसऱ्या हातानं तो दाबून धरायला गेलो तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या हातात नारळ आहे. तो खाली ठेवायचं धाडस होईना. ठेवला आणि गडगडत विहिरीत गेला तर? शेवटी तो काखेत धरला. मोटरच्या पेटीत दर थोड्या वेळानं टक् असा आवाज यायचा. प्रत्येक टक् म्हणजे एक खिडकी, हुकूम देऊन बघत होती, जमतंय का.

“आता किती?”

“सात,” मॅडम एक डोळा किलकिला करून म्हणाल्या. “गुडघा धरून उभे हायत.”

“बोलत राहा त्यांच्याशी!”

“काय बोलू?”

“काहीही!”

“तात्या,” मॅडम खाली वाकून म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता, “शिरा केलाय. काजू घातलेत. ह्यांनी त्यातला पाव डबा खाल्ला.”

“ठिवा जरा!” खालून आलं. हा आवाज जवळचा होता.

बत्तीस पायऱ्यांना तात्यांना पंचवीस मिनिटं लागली, असं मॅडमच्या घड्याळावरून नंतर कळलं. आधी विहिरीच्या कडेला एक हात आला. मग भिजलेली टोपी. तात्या लंगोटावर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून जमिनीवर पडले आणि पडल्या पडल्या माझ्याकडे बघत म्हणाले, “तोंडाला काय लागलंय रं तुझ्या? रक्त?”

“कुंकू.”

“पुरुषमानसानं खाऊ नै.”

मॅडमनी डोळे मिटूनच किल्ली सोडवून घेतली, हार बाजूला केला आणि मेन स्विच पाडला. टक् टक् थांबली. मी अंगठा काढला. तो सरळ व्हायला तयार नव्हता. दार सहा सेंटिमीटर उघडं होतं. थोडा दम खाऊन, लंगोटावरच, तात्यांनी ते जुनं हँडल लावून हातानं बंद केलं. आम्हाला हात लावू दिला नाही.

दुपारी पाटबंधारे खात्याचे उंब्रजकर साहेब आले. सणाच्या दिवशी यावं लागलं म्हणून चिडलेले होते. त्यांनी मॉनिटरवरची खिडकी बघितली. नवीन कळफलक जोडून मी मोजून सांगितलं: दोनशे चौदा खिडक्या.

“नारळ कुणी ठेवला?” साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

“मी,” तात्या म्हणाले. “पूजा माजी व्हती. मांडणारा मीच.”

साहेबांनी लिहून घेतलं. मी तोंड मिटलं. त्या बाबतीत माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. चार दिवसांनी पत्रक आलं आणि केबिनच्या भिंतीला लागलं: ‘यापुढे कोणत्याही चालू यंत्राच्या कळफलकावर श्रीफळ ठेवण्यात येऊ नये.’ शेंडीच्या दिशेबद्दल पत्रकात काही नव्हतं. खिडक्यांना आधीच हो कुणी सांगून ठेवलं होतं, तेही कुणी विचारलं नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी कालव्याला पाणी सोडायचं होतं. मी सकाळी लवकर गेलो आणि एफ-नाइन दुरुस्त करत बसलो. होल्ड काढला. फुली परत आणली. आधीच दिलेलं हो पुसून टाकलं, आणि दोन मिनिटांची मर्यादाही काढली.

“आता प्रश्न परत येईल,” मी मॅडमना सांगितलं, “आणि थांबूनही राहील. तात्यांना निवांत तंबाखू मळून येऊ दे.”

मॅडमनी वहीतून मान वर केली. “तंबाखू? तात्यांनी तंबाखू सोडून अकरा वर्षं झाली.”

“मग प्रश्न आला की जायचे कुठे?”

“खात्री करायला,” मॅडम म्हणाल्या.

तात्या आत आले, खुर्चीत बसले, एफ-नाइन दाबलं. काळी खिडकी उघडली. खात्री आहे का?

“आलास का परत,” तात्या खिडकीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मधी त्यानं इचारायचं सोडलं व्हतं. मला वाटलं, आता त्याचं त्येच जाऊन बघून येतंय. श्यानं झालं म्हनलं.”

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मीही उठलो. साठ पावलं मी त्यांच्या मागून चाललो. खूप हळू चालावं लागत होतं. खोलीत जाऊन ते विहिरीच्या काठाशी वाकले, एका हातानं कठडा धरून, आणि त्यांनी जोरात हाक मारली.

“हाय का कोन खालीऽऽ?”

खालून त्यांचाच आवाज घुमून वर आला. हाय का कोन. तात्या तो पूर्ण विरेपर्यंत थांबले.

“मी वर हाय,” त्यांनी विहिरीला सांगितलं, आणि आम्ही हो म्हणायला परत निघालो.